पेण-रोह्याचे सेलरवाले

पेण आणि रोहे या दोन गावांत अलीकडे एक नवा गृहस्थ आढळू लागला आहे. आजूबाजूचे लोक त्याला ‘सेलरवाले’ म्हणतात. तो बहुधा धाटावच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेला असतो, नाहीतर हायवेलगतची जमीन विकून त्याने बंगला बांधलेला असतो. तो पिणारा मात्र नसतो. पिणाऱ्याकडे वाईनचा साठा राहत नाही.

लागण नाशिकला होते. त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेऊन परतताना गंगापूर धरणाजवळच्या सुला वाईनरीत तो ‘नुसते बघायला’ म्हणून सहकुटुंब शिरतो आणि तिथली पिंपे, काळोख, गारवा पाहून भारावतो. नारायणगावच्या इंडाज कंपनीची फसफसती वाईन १९८०च्या दशकात परदेशी गेली, सुलाची पहिली बाटली २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, हे सगळे सन त्याला तोंडपाठ होतात. पुढे ते घरी आलेल्या प्रत्येकाला चहाच्या आधी ऐकावे लागतात.

घरी आल्यावर पहिले काम सेलर, म्हणजे वाईनचे तळघर, खणण्याचे. फ्रान्समध्ये वाईन जमिनीखाली ठेवतात एवढे त्याने वाचलेले असते. का ठेवतात, ते पान चुकून उलटलेले असते. जमिनीत काही मीटर खाली ऊन-थंडी पोचत नाही आणि तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहते. फ्रान्सच्या द्राक्षमुलखात ही सरासरी ११-१२ अंश भरते, आणि वाईनला लागतात १२-१३. कोकणपट्टीची सरासरी २६-२७. म्हणजे रोह्यात कितीही खणले तरी फ्रान्स लागत नाही. आषाढात पाणी तेवढे लागते. ते पंपाने उपसून झाले की सेलर मुकाट्याने वर येते, जिन्याखालच्या खोलीत.

ही खोली मोकळी नसते. पेणमध्ये तिथे पोह्यांचे पापड आणि मिरगुंडांचे डबे असतात, आणि त्यांची मालकी सासूबाईंकडे असते. पापडाला कोरडी हवा हवी. वाईनला ६० ते ७० टक्के दमटपणा हवा, नाहीतर बूच सुकून आत हवा शिरते. पावसाळ्यात पेणची हवा हा आकडा कधीच ओलांडून गेलेली असते आणि बाटल्यांची लेबले गळून पडतात. गल्लीतला मूर्तिकार गणपतीची माती वाळावी म्हणून रात्री जागवतो. त्याच्या शेजारच्या घरात ओलावा निर्माण करणारे यंत्र विकत आणलेले असते, कारण नव्या एसीने खोलीतला सगळा दमटपणा शोषून घेतलेला असतो.

एसी तरी पुरा पडतो असे नाही. घरगुती एसी १६ अंशांवर थांबतो. म्हणून गारवा टिकवायला भिंतींना थर्माकोल लावतात, त्यासोबत वाफ अडवणारे प्लास्टिकही लागते, आणि ते थर्माकोलच्या बाहेरच्या, म्हणजे उष्ण बाजूला असावे लागते. मिस्त्री ते आतून लावतो, कारण आतून छान दिसते. मग थर्माकोलमागे पाणी साचते, बुरशी येते, आणि सासूबाई पापडांचे डबे घेऊन त्या खोलीतून कायमच्या बाहेर पडतात. सेलरवाला याला पहिला विजय समजतो. वीज गेली की इन्व्हर्टरवर आजींचा पंखा चालवायचा की वाईनचा एसी, हा प्रश्न दर मे महिन्यात नव्याने निघतो. निकाल कसा लागतो हे आजींच्या चेहऱ्यावरून कळते.

बाटल्या आडव्या ठेवतात त्या बूच ओले राहावे म्हणून. नाशिकच्या पुष्कळ बाटल्यांना बूच नसतेच, फिरकीचे झाकण असते. त्याही आडव्याच ठेवल्या जातात. शिस्त म्हणजे शिस्त. परवान्याचे मात्र कौतुक करावे तेवढे थोडे. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणारा हा कागद मद्य घेण्याची परवानगी देतो ती प्रकृती राखण्यासाठी. सेलरवाला तो चौकटीत बसवून देव्हाऱ्यापासून सभ्य अंतरावर टांगतो.

आता बाटली उघडायला मुहूर्त हवा, आणि तो कालनिर्णयात सापडत नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मध्येच संकष्टी, एकादशी. श्रावण संपतो तोवर गणपती येतात, पाठोपाठ पितृपंधरवडा, नवरात्र, रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी, जिला पोलीस मानवंदना देतात, मग मार्गशीर्ष. एखादा बिनधोक बुधवार निघालाच तर पुतण्या म्हणतो, “काका, थम्सअप असेल तर द्या.” गटारी हा हक्काचा दिवस खरा. पण त्या दिवशी भाऊबंद आपापल्या बाटल्या काखेत मारून येतात, आणि मटणाचा वास सुटलेला असताना द्राक्षाच्या जातीवरचे भाषण ऐकण्याइतका दम कोणाला नसतो.

बाटल्या अशा वाट बघत राहतात. जुनी तितकी चांगली, हे थोड्याच वाईनींना लागू पडते. आपल्याकडची पांढरी वाईन बहुतेक करून वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते. सेलरवाला ती नातवाच्या बारशासाठी राखून ठेवतो, आणि त्या वेळी मुलाचे लग्नसुद्धा ठरलेले नसते. यथावकाश बारसे होते, झाकण फिरते, पेल्यात तांबूस रंगाचे काहीतरी पडते. व्याही एक घोट घेऊन पेला हळूच कुंडीमागे ठेवतात. सेलरवाला वहीत नोंद करतो: ‘अक्रोडाचा गंध, रेंगाळणारी चव.’ उरलेली बाटली सून स्वयंपाकघरात नेऊन ठेवते, आणि पुढे बरेच दिवस त्या घरात व्हिनेगर विकत आणावे लागत नाही.