बहिश्त आणि बादशहा

सेवानिवृत्तीनंतर घर सावेडीत घ्यावे की भिंगारात, हा प्रश्न आमच्या कुटुंबात उपस्थित झाला तेव्हा, सारी हयात नगरच्या कचेरीत फायली चाळण्यात घालवलेल्या माणसाला शोभेल अशा रीतीने, मी दोन्ही उपनगरांची स्वतंत्र दप्तरे उघडली.

माझा ओढा भिंगारकडे. तेथे छावणीची शिस्त, सावलीचे रस्ते, पहाटेचा बिगूल. शिवाय १७०७ साली भिंगारच्या मुक्कामी आलमगीर बादशहाने देह ठेवला, आणि पाव शतक दख्खनची धूळ खाल्लेल्या त्या पुरुषाला ज्या स्थळाहून पुढे हलावेसे वाटले नाही, त्या स्थळाच्या हवापाण्याला याहून थोर दाखला कोणता, असा युक्तिवाद मी सौभाग्यवतींपुढे सविस्तर मांडला. मेथीची जुडी सोडत त्या म्हणाल्या, "तो राहिला नाही, मेला. आणि पुरायला त्याला खुलदाबादेलाच नेला."

सावेडीचे दप्तर त्या मानाने पातळ. गुलमोहर रोडवरचे गुलमोहर मोजावेत या सद्हेतूने मी एका सायंकाळी निघालो खरा, परंतु दवाखान्यांच्या आणि शिकवण्यांच्या पाट्या वाचता वाचता इतका अंधार पडला की वृक्षगणना तहकूब करावी लागली. पक्ष ढासळला तो भिस्तबागेपाशी. निजामशाहीत या बाजूला 'हश्त बिहिश्त', म्हणजे आठ स्वर्गांचे उद्यान होते. नगरकरांच्या जिभेने ते आठ स्वर्ग झिजवून झिजवून त्यांची एक भिस्त करून टाकली. (मराठीत भिस्त म्हणजे भरवसा, हा योगायोग जमिनीच्या व्यवहारात फारसा सुखावह नाही: आमचा दलाल आठही स्वर्गांचा दर चौरस फुटाने सांगे, मात्र सातबारा मागितला की घड्याळ पाही.)

तरीही मी निःपक्षपाती राहिलो. तीन महिने खपून भिंगारच्या बाजूने अकरा आणि सावेडीच्या बाजूने नऊ मुद्दे काढले, त्यांची स्वच्छ नक्कल केली, आणि एका रविवारी निर्णय जाहीर करण्यासाठी गूळ-शेंगदाण्यांच्या डब्यामागे ठेवलेला चष्मा काढायला गेलो, तो हाती आली सावेडीतल्या घराची इसारपावती. तारीख माझ्या पहिल्या मुद्द्याच्या आदल्या आठवड्यातली. रक्कम रुपये एकवीस हजार. आणि खाली साक्षीदार म्हणून, दुधाच्या हिशेबाबरोबर न वाचता केलेली, माझीच वळणदार सही.