थांबा, नवं येतंय!

सुप्यात सौर पॅनेल विकायला नवा माणूस आला की चहाच्या टपरीवरची पोरं त्याला मुद्दाम अण्णांच्या घरी धाडतात. दोन तासांनी तो बाहेर येतो तेव्हा त्याला स्वतःच्याच मालाचा संशय यायला लागलेला असतो.

अण्णा निवृत्त विज्ञान शिक्षक. कंजूष नाहीत, अडाणी तर मुळीच नाहीत. अडचण एवढीच, की बाजारात पुढे काय येणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं, आणि त्यामुळे त्यांच्या घरात काहीच येत नाही. लँडलाइनचा नंबर लागला, तोवर मोबाइल येणार हे त्यांना कळलं होतं. मोबाइल आला, तर इनकमिंग फुकट होणार हे कळलं. काकू म्हणतात, "मला बघायला आले तेव्हाही 'जरा थांबू' म्हणाले होते. मामंजींनी तिथंच सुपारी फोडली म्हणून बरं."

सध्या अण्णा पेरोव्स्काइटसाठी थांबलेत. 2009 साली जपानात मियासाका या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत या पदार्थाच्या सौरघटाने उन्हाचे 3.8 टक्के विजेत उतरवले. आज तो आकडा 26च्या पुढे गेलाय. अण्णा हे अशा थाटात सांगतात, की मधले टक्के त्यांनीच वाढवलेत असं वाटावं.

"मग घ्या की," विक्रेता म्हणतो.

"घेऊ कसं? थर कुठं ठरलाय अजून?"

इथून पुढे सुटका नसते. पेरोव्स्काइटवर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांच्या मागे रिकाम्या जागा, म्हणजे होल, राहतात. दोघं परत भेटले की वीज गेली. म्हणून एका अंगाला इलेक्ट्रॉन वाहून नेणारा थर लागतो. तो इलेक्ट्रॉनला वाट देतो, होलला अडवतो, आणि असतो केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ. "रात्री मोटर चालू आहे, पाटाला पाणी आलंय, पण दारं धरणारा गडी झोपला तर?" अण्णा विचारतात. जिरायती सुप्यात, जिथं जनाई-शिरसाई योजनेच्या पाण्याकडे डोळे लावून माणसं म्हातारी होतात, तिथं हा प्रश्न सगळ्यांना कळतो. विक्रेत्याला सोडून.

मग अण्णा एकेका गड्याची उलटतपासणी घेतात. टायटॅनियम डायऑक्साइड? कामाचा, पण त्याचा जाळीदार थर नीट बसवायला साधारण 450 ते 500 अंशांची भट्टी लागते. वर अतिनील किरण लागले की शेजारचं पेरोव्स्काइट बिघडवायला हाच पुढे. "सौरघटात कामाला, आणि उन्हाचं वावडं!" झिंक ऑक्साइड कमी तापमानाला बसतो, पण पेरोव्स्काइटमधल्या मिथाइलअमोनियमचा प्रोटॉन काढून घेतो. जरा तापलं की काळा थर पिवळा पडतो आणि हाती उरतं लेड आयोडाइड. राहता राहिला टिन ऑक्साइड, म्हणजे कथलाचा. 200 अंशांच्या आत तयार होतो, इलेक्ट्रॉन भराभर पुढे नेतो, अतिनील किरणांनी फारसा बिथरत नाही. काच द्रावणात बुडवून हा थर चढवला आणि 2021 साली 25.2 टक्क्यांचा घट छापून आला. द्रावणातून असे पातळ थर चढवण्यात आपलं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठही मुरलेलं, हे अण्णा अभिमानाने सांगतात.

"कथील म्हणजे कल्हईच की," काकू आतून म्हणतात. "मग अडलंय कुठं?"

अडलेलं असतंच. थर जिथं पेरोव्स्काइटला टेकतो तिथं दोष राहतात, त्यांत इलेक्ट्रॉन अडकतात, तिथूनच ओल आणि उष्णता पोखरायला लागतात. सिलिकॉन पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी मिळते, तेवढं टिकून दाखवणं याला अजून जमायचंय. शिवाय काही जण सगळे थर उलटे मांडून कथलाऐवजी फुलरीन वापरतात. म्हणजे अण्णांना आता दोन गोष्टींसाठी थांबता येतं.

वैताग असा, की यातलं एकही वाक्य खोडता येत नाही. पेरोव्स्काइट उन्हात का टिकत नाही हे ज्याला एवढं पक्कं ठाऊक, त्याने साधं सिलिकॉन कधीच बसवायला हवं होतं. पण माहिती निर्णयासाठी असते असं अण्णांना कुणी शिकवलेलं नाही.

एका विक्रेत्याने हप्त्यांचा विषय काढला. अण्णा ताडकन उठले. "12 मे 1875ला ज्या सुप्याने सावकारांची दुकानं फोडून रोखे बाहेर काढले, त्या सुप्यात येऊन कर्ज सांगता?" बिचारा सरकारी अनुदानाचा कागद तसाच घेऊन निघाला. काकूंनी तो त्याच्याकडून फाटकातच मागून घेतला.

3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान, हे वाचून काकूंनी नातवाकडून अर्ज भरला. अण्णा बहिणीकडे इंदापूरला गेले असताना गच्चीवर पॅनेल चढली. परतल्यावर अण्णांनी ती सगळ्या बाजूंनी पाहिली, पाठीमागचं लेबल चष्मा लावून वाचलं. आम्हाला वाटलं, आता घरात भांडण.

"उत्तम," ते म्हणाले. "खालचं सिलिकॉन झालं. आता वर पेरोव्स्काइट बसवलं की टँडेम! प्रयोगशाळेत 34 टक्क्यांच्या वर गेलंय ते. वरच्यासाठी मात्र जरा थांबू."