माणसं पाठवा, पद्धत नको

जर्मनीत कामाला माणसं मिळत नाहीत आणि आपल्याकडे माणसांना काम मिळत नाही. हे गणित जुळवायचा मुहूर्त फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. राजधानी श्टुटगार्ट, मर्सिडीजचं माहेर. म्हणजे मर्सिडीज जोडणाऱ्या चाकणकरांचे सोयरेच. दहा हजार तरुण पाठवायचं ठरलं: इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, परिचारिका. कारागीर पाठवायचे म्हणजे काम कौशल्य विभागाकडे जाईल, असं भाबड्यांना वाटलं. ते गेलं शालेय शिक्षण विभागाकडे. बरोबरच आहे, सुरुवात मुळाक्षरांपासूनच करायची होती.

जर्मन माणूस मात्र चिकित्सक. भाषा येते का, हे विचारून तो थांबत नाही. काम येतं का, हेही विचारतो. त्याचा इलेक्ट्रिशियन साडेतीन वर्षं शिकतो. त्यातले आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत, उरलेले शाळेत. कंपनी त्याच्याशी करार करते, पहिल्या महिन्यापासून पैसे देते. अभ्यासक्रम ठरवताना मालक आणि कामगार संघटना दोघंही बसतात.

यात नवल काय? त्यांचा व्यवसाय प्रशिक्षणाचा कायदा १९६९ चा, आपला शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. कागदावर आपण आठ वर्षं पुढेच आहोत.

कागद सोडून आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये डोकावलं की थोडी गडबड होते. फिटर ट्रेडचा पोरगा लोखंडी पट्टीवर कानस घासत असतो. गुण्यात आहे की नाही ते बघायला काटकोन्या मागतो, तर तो चौघांत एक. निदेशकांची जागा रिक्त, म्हणून शेजारच्या ट्रेडचे सर दोन्हीकडे हजेरी घेतात. सीएनसी मशीन आहे, पण कव्हर घालून. बिघडलं तर जबाबदार कोण? सुधारणा मात्र थांबलेली नाही. २०२४ मध्येच सरकारने कितीतरी आयटीआयना थोरामोठ्यांची नावं दिली. पाटी नवी झाली, आता आतलं काय ते बघता येईल सवडीने.

पुढे हाच पोरगा कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागतो आणि वर्षभर खोकी भरायला शिकतो. वर्ष संपलं की तो घरी, खोक्यांपाशी नवी बॅच. वर कारखानदार भर सभेत हळहळतात, की हल्ली कुशल मनुष्यबळ मिळत नाही हो! ते घडवायचं कोणी, असं विचारणारा सभेला बोलावलेला नसतो.

सरकारलाही काळजी आहेच. म्हणून २०२४ मध्ये ‘लाडका भाऊ’ योजना आली. तेव्हा ठरलं ते असं: सहा महिने कंपनीत जायचं, आयटीआयवाल्याला महिना आठ हजार, तेही सरकारच्या तिजोरीतून. मालकाच्या खिशाला तोशीस नाही. जर्मनाला साडेतीन वर्षं लागतात ते आपल्या भावाला सहा महिन्यांत जमेल, असं ठरलं. मठ्ठ कोण, ते वाचकांनीच ठरवावं.

तरी एक नम्र सूचना. करार दोन्ही बाजूंनी व्हावा. दहा हजार पोरं द्यावीत आणि बदल्यात एकच जर्मन कारखानदार मागून घ्यावा, पदरचे पैसे देऊन पोरांना शिकवणारा. त्याला एमआयडीसीत प्लॉट द्यावा, सत्कार करावा, शाल-श्रीफळ द्यावं. धोका एवढाच, की तो आजूबाजूला बघेल, हिशेब मांडेल आणि सहा महिन्यांत आपल्यासारखा तयार होईल. कौशल्य विकासाचं तेवढं एक उदाहरण तरी आपल्याला छातीठोकपणे दाखवता येईल.