डेव्हिड, पाव आणि लोणी

इंटरमिजिएट ड्रॉइंगला सी ग्रेड मिळवलेल्या माणसाने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये पेन्सिल घेऊन जाऊ नये. पण मला इंग्रज कलासमीक्षक रस्किन चढला होता. इटलीतल्या लुक्का गावी शिल्पकार याकोपो देला क्वेर्चाने घडवलेली, निजलेल्या इलारियाच्या पुतळ्याची समाधी रस्किनने १८४५ साली पाहिली आणि १८७४ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, तिच्यापुढे बसून चित्रं काढली. म्हटलं, आपलंही वय तेवढंच आहे.

इलारिया निदान आडवी तरी आहे. मी निवडला मायकेलअँजेलोचा डेव्हिड. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने १८५७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला पाठवलेली ही प्लास्टरची प्रतिकृती पाच मीटरहून उंच. पायापासून सुरुवात केली. अंगठा झकास जमला. त्याच मापाने वर सरकलो आणि बेंबीपाशी कागद संपला. काटकसर म्हणून त्याच कागदाच्या पाठीवर डोकं घ्यायला गेलो, तर खाली स्टुलावरून दिसणार काय? हनुवटी आणि दोन नाकपुड्या. त्या मन लावून रंगवल्या. खंडाळ्याच्या घाटातले बोगदे तयार झाले.

आता खोडणं आलं. या म्युझियमला जोडलेल्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेतली रस्किनच्या काळची पोरं खडूचे बारीक ठिपके देत एकेका पुतळ्याच्या चित्रावर महिनोन्‌महिने बसत आणि काळं जास्त झालं की पावाने टिपून घेत. इथल्याच इमारतींवर शिल्पकाम केलेले लॉकवूड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकवायला आले. म्हणजे माझ्या सी ग्रेडचं मूळ गाव हेच! पाव पिशवीत होताच. बायकोने त्याला लोणी लावलंय, हे नाकपुडी घासल्यावर कळलं. कागद तेलकट होऊन आरपार दिसू लागला आणि नाकाच्या जागी मागची बेंबी उगवली.

"इथे खायला मनाई आहे," अटेंडंट बाई नम्रपणे म्हणाल्या.

"खात नाही, खोडतोय."

त्यांनी चित्र पाहिलं आणि काही न बोलता मला डेव्हिडच्या मागे नेलं. तिथे पेटीत प्लास्टरचं अंजिराचं पान आहे. राजघराण्यातल्या स्त्रिया यायच्या तेव्हा ते दोन आकड्यांवर डेव्हिडला लटकवत. ना हात, ना पाय, ना नाक. आणि कागदात मावणारं. जीव ओतून काढलं.

घरी बायकोने ते निरखून पाहिलं. "पपईचं पान छान आलंय. पण पाव तसाच का परत आणलास?"