पॉइंटची बदली

महाराष्ट्रात सर्वांत जास्त बदल्या कोणाच्या होतात? दशांश चिन्हाच्या. सहावीची कुठलीही वही उघडा. भाजकातला पॉइंट एक घर उजवीकडे, लगेच भाज्यातलाही एक घर उजवीकडे, आणि उत्तरात थेट डोक्यावर. हुकूम कोणाचा, कारण काय, विचारायचं नाही. जिल्हा परिषदेच्या गुरुजींची बदली निदान पोर्टलवर तरी दिसते. पॉइंटची बदली ‘नियम आहे, पाठ कर’ एवढ्यावरच उरकते.

पॉइंट मुळात हलतच नाही. ७.२ ला ०.३ ने भागायचं म्हणजे दोघांनाही दहाने गुणायचं आणि ७२ ला ३ ने भागायचं. दोन्ही बाजू सारख्याच पटीने वाढल्या, म्हणून उत्तर २४ च राहतं. हे समजवायला फळ्यावर दोन ओळी पुरतात. ‘सरकवा’ म्हणायला एक शब्द पुरतो. अभ्यासक्रम संपवायची घाई असली की कोण जिंकणार हे उघड आहे.

दुसरी अंधश्रद्धा याहून जुनी: भागलं की संख्या लहान होते. ही तिसरीत रुजते आणि सहावीत फळ धरते. सहाला ०.५ ने भाग म्हटलं की हुशार मुलगी बरोबर १२ लिहिते, त्याकडे बघते, घाबरते, खोडते आणि १.२ लिहिते. सहा भाकऱ्या अर्धी-अर्धी वाढल्या तर किती जण जेवतील, असं विचारलं असतं तर तीच मुलगी खोडरबर न शोधता ‘बारा’ म्हणाली असती.

तिसरी चूक शून्याची. ६.१२ भागिले ३, उत्तर २.०४. वहीत मात्र २.४ येतं, कारण मधलं शून्य ‘काही नाही’ म्हणून वगळलं जातं. ६ मीटर १२ सेंटीमीटर कापड तिघांना वाटलं तर प्रत्येकाला २ मीटर ४ सेंटीमीटर मिळतं. २.४ म्हणजे २ मीटर ४० सेंटीमीटर. या हिशोबाने कापड देणारा दुकानदार दिवाळीपर्यंत टिकणार नाही. वहीत मात्र फक्त अर्धा गुण जातो.

आधीच्या पिढ्यांना हे जड का गेलं नाही? गेलं, पण त्यांच्या खिशात पुरावा असायचा. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पावकी-निमकी घोकलेल्या पिढीने कुरकुर केली असेल, पण रुपयाचा शंभरावा भाग हातात धरता यायचा. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचं आणि त्याखालचं नाणं चलनातून गेलं. आज सहावीत बसलेला मुलगा त्यानंतर जन्मला. त्याच्यासाठी पैसा म्हणजे पुस्तकातल्या उदाहरणात राहणारा प्राणी.

त्याला रोज दिसणारा पॉइंट एकच, क्रिकेटचा. आणि तो तर चक्क फसवा. ४.३ षटकांत २७ धावा झाल्या तर धावगती किती? ४.३ ने भागलं तर ६.२८ च्या आसपास येते. खरी धावगती आहे बरोबर ६. तिथला पॉइंट दशांशाचा नसून सहा चेंडूंचा आहे. ४.३ म्हणजे साडेचार षटकं. हे एक उदाहरण वर्गात घेतलं तर दशांश म्हणजे काय आणि काय नाही, दोन्ही एका तासात कळेल. पण ते पुस्तकात नाही, म्हणून परीक्षेत नाही, म्हणून वर्गात नाही.

आता गंमत बघा. दशांशाचा खरा भागाकार शाळेतच रोज चालतो, फक्त वर्गाबाहेर, खिचडीच्या खोलीत. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. म्हणजे ०.१ किलो आणि ०.१५ किलो. पन्नास किलोचं पोतं लहानांना किती ताटं पुरेल? ५० भागिले ०.१, पाचशे. मोठ्यांना? ५० भागिले ०.१५ म्हणजे ५००० भागिले १५. भागाकार ३३३, बाकी ५.

पाच काय? इथेच भलेभले अडखळतात. पाच किलो नव्हे. शंभरपट करून घेतलेल्या हिशोबातले ते पाच, म्हणजे ०.०५ किलो, मूठभर पन्नास ग्रॅम. बाकी पाच किलो मानली तर नोंदवहीत आणि पोत्यात मेळ बसणार नाही, आणि तपासणीला आलेले साहेब ‘नियम पाठ होता’ हे उत्तर मान्य करणार नाहीत. गुरुजींना हे पक्कं ठाऊक असतं. नोंदवही बंद करून ते वर्गात येतात, खडू उचलतात आणि म्हणतात, ‘पॉइंट सरकवा.’

तेव्हा पालकहो, पुढच्या पालकसभेत गुणपत्रिका बाजूला ठेवा. मुलाला एवढंच विचारा: बाराला ०.२५ ने भागलं तर उत्तर बारापेक्षा मोठं येईल की लहान, आणि का? ‘का’चं उत्तर मिळालं तर येताना पेढे घेऊन या. ‘सरांनी तसं सांगितलंय’ असं आलं, तर पोराला रागवू नका. सरांना सांगा, खिचडीच्या खोलीतला वजनकाटा आठवड्यातून एक तास सहावीच्या वर्गात आणा.