हात लावू नये

कलामहाविद्यालयातला विद्यार्थी सालींच्या अर्कात कमावलेलं चामडं पाण्यात भिजवतो, चिलखताच्या साच्यावर ताणून बसवतो. वाळलं की ते तोच आकार धरून कडक होतं. मग त्या चिलखताला ‘परिधानशिल्प’ म्हणतात आणि शेजारी पाटी लागते : हात लावू नये. अंगात घालायची वस्तू, पण कुणी घातली की तिची कला संपते! विहिरींच्या मुलखात इंजिनं येण्याआधी चामड्याच्या मोटा चालत. त्या शिवणाऱ्याला खळ्यावर बलुतं मिळालं, चौथरा नाही. यावर म्हणतील, मोटेत नुसती सोय, शिल्पात कल्पना. पण वर येताना दुमडून राहणारी आणि थारोळ्याशी पोचताच आपोआप पाणी ओतणारी मोटेची सोंड ही कल्पना नव्हे, तर काय?

दुसरा आक्षेप असा की, आता कारागिराला मान मिळतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंच ना? मिळालं. तरी जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन-मंचावर प्राडाने तशाच चपला चालवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नाव आठवायला आधी इकडे बोंब व्हावी लागली. दोष विद्यार्थ्याचा नाही. त्याने खुशाल साचे करावेत. फक्त पाटीवर एक ओळ वाढवावी : हे चामडं कुणी कमावलं. त्या हातांना मात्र ‘लावू नये’ हे सांगावं लागत नाही. त्यांना गावाने ते पिढ्यान्‌पिढ्या पाटीशिवायच शिकवलंय.