निराधार

‘एफकेटी’ला शर्यत लागत नाही, पंच लागत नाहीत, प्रवेश फीसुद्धा लागत नाही, असं भाच्याने सांगितलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. एफकेटी म्हणजे फास्टेस्ट नोन टाइम. डोंगरातली एखादी लांबलचक वाट धरायची, मनगटावरचं घड्याळ सुरू करायचं आणि आजवरच्या कुणाहीपेक्षा कमी वेळात पलीकडे पोचायचं. पुरावा म्हणून घड्याळातली जीपीएसची रेघ दाखवायची.

“मामा, अमेरिकेत ॲपलाशियन ट्रेल आहे. साडेतीन हजार किलोमीटर. स्कॉट ज्युरेकने २०१५ मध्ये ती ४६ दिवसांत संपवली.”

“मग?”

“मग शिखरावर शँपेन उडवली म्हणून त्याला दंड झाला.”

हा ज्युरेक मला एकदम घरातला वाटला. पुढच्याच वर्षी कार्ल मेल्त्झरने त्याचा विक्रम साडेनऊ तासांनी मोडला, आणि त्या मोहिमेत मदतीला खुद्द ज्युरेकच गेला होता म्हणे. आमच्या सोसायटीत शेजाऱ्याच्या स्कूटरला कुणी किक मारून देत नाही.

मी वाट निवडली राजगड ते तोरणा. गुंजवण्यातून चढायचं, चोरदरवाजाने पद्मावती माचीवर, तिथून संजीवनी माची, आळू दरवाजाने खाली, मग धार धरून बुधला माची आणि तोरण्यावरून वेल्ह्यात उतरायचं. शहाणी माणसं या वाटेत एक मुक्काम टाकतात. मला मात्र त्या ‘नोन’ शब्दात आशा दिसली होती. गुंजवण्यातल्या चहाच्या टपरीपासून वेल्ह्यातल्या वडापावच्या गाडीपर्यंतची वेळ जगात कुणीही नोंदवलेली नव्हती. पोचलो की विक्रम! पळण्याआधी पळवाट शोधणं हे आमच्या घराण्याचं वैशिष्ट्य आहे.

यात तीन प्रकार असतात. बरोबर मदतनीस असतील तर ‘सपोर्टेड’. वाटेतल्या दुकानातून घेऊन खाल्लंत तर ‘सेल्फ-सपोर्टेड’. आणि सगळं खाणं पहिल्या पावलापासून स्वतःच्या पाठीवर, कुणाकडून काही घ्यायचं नाही, हा ‘अनसपोर्टेड’. मी बाणेदारपणे तिसरा निवडला. मराठीत सांगायचं तर निराधार.

“फॉर्म तहसील कचेरीत मिळतो ना हो?” बायकोने विचारलं. “संजय गांधी योजनेचा?”

डिसेंबरातल्या एका पहाटे टपरीवरून निघालो. पहिली तीनशे पावलं मी खरोखर पळालो; याला तीन कुत्री साक्षीदार आहेत आणि त्यातलं एक तर सक्रिय होतं. पुढे चढ लागला. चोरदरवाजाच्या कातळाशी रेलिंगला लोंबकळत असताना मागून एक आजी “जरा सरका” म्हणत पुढे गेल्या. त्यांच्या कडेवर नातू होता. पद्मावतीला हात जोडले, तेव्हा लक्षात आलं की दर्शनाची चार मिनिटंही घड्याळ मोजतंय. देवीपुढे घाई केली, हे मनाला लागलं ते लागलंच.

संजीवनी माचीवर मात्र मी वेळ घालवला, आणि त्याचं मला दुःख नाही. अडीचेक किलोमीटर लांब माची, तिला दुहेरी चिलखती तटबंदी. दोन भिंतींच्या मधल्या अरुंद बोळात शिरलेल्या शत्रूला कळू नये आपण कुठे आलो. बांधणाऱ्यांचं कौशल्य असं की साडेतीनशे वर्षांनी मित्रालाही कळलं नाही. दोनदा एकाच बुरुजापाशी आलो.

धारेवर ऊन चढलं. पिशवीतल्या केळ्यांचं शिकरण झालं होतं, पाणी संपलं होतं. नियमाप्रमाणे निराधाराला झऱ्याचं किंवा टाक्यातलं पाणी चालतं. टाकं चालतं, ताक चालत नाही. आणि टाकी मागे गडावर राहिली होती.

धारेला एक गाडीरस्ता आडवा कापून जातो, त्या खिंडीत आडोशाला एक मावशी माठ घेऊन बसल्या होत्या.

“कुनी मागं लागलंय व्हय रं?”

“नाही मावशी, वेळ लावलीय.”

“मंग बस की. येळ कुठं पळून चाललीया!”

मी नियम समजावू लागलो. निराधार शब्द कानी पडताच मावशींचा चेहरा कळवळला. “कुनीच न्हाई व्हय तुला?” म्हणत त्यांनी ताकाचा ग्लास हातात दिला. वर कोथिंबीर होती. माणसाने किती लढावं? पहिल्या ग्लासात निराधार प्रकार बुडाला, दुसऱ्यात विक्रम, तिसरा मी निव्वळ चवीने प्यायलो. वर मीठ लावलेली काकडी. साठ रुपये झाले. खिशात रोकड नाही, आणि त्या खिंडीत मोबाइलला रेंज नाही. स्क्रीनवरचं चक्र माझ्यापेक्षा जोरात पळत होतं.

“ऱ्हाऊ दे, येशील तवा दे,” मावशी म्हणाल्या.

पुढे रडतोंडीचा बुरूज आहे. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण तो आधी पळत आला असणार. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच गड; त्यातला प्रत्येक मीटर मी वैयक्तिक ओळखतो. वडापावच्या गाडीला हात लावला तेव्हा ९ तास ४१ मिनिटं झाली होती, आणि गाडीवाला झाकपाक करून निघाला होता.

भाच्याने निवाडा दिला: विकतचं ताक म्हणजे सेल्फ-सपोर्टेड. पण पैसेच दिले नसतील तर ती मदत, म्हणजे सपोर्टेड. उधारी फिटेपर्यंत प्रकार ठरवता येणार नाही.

म्हणून पुढच्या रविवारी मी भाच्याच्या मोटारीने थेट खिंडीत गेलो आणि मावशींपुढे शंभराची नोट धरली.

“आज पळत न्हाई आलास?” म्हणत त्यांनी नोट कनवटीला लावली. सुट्टे नव्हते. उरलेल्या चाळिसाचे त्यांनी दोन ग्लास भरले.